कुत्र्याच्या वाटणीचं फळ



आज मी कवितेवर बोलणार नाही. आकाशवाणीवर आजवर जेव्हा जेव्हा आलो, तेव्हा कविताच वाचल्या. या खेपेला निमंत्रण आलं तेव्हा विचारलं, ‘विषय काय घेऊ?’ उत्तर आलं, ‘सध्या घरी काय चाललंय त्यावर बोला.’ आता घरी काय चाललंय ते खरं सांगायचं, तर आमच्या घरी सध्या कुत्र्यासाठी सफरचंदाच्या चकत्या वाळत घातल्या आहेत. गच्चीवर, मलमलीच्या कापडाखाली. आणि त्यांची राखण माझी ब्याऐंशी वर्षांची आई करते आहे.

यात हसण्यासारखं बरंच आहे. मी स्वतःही हसतो. पण या चकत्यांमागे एक जुनी गोष्ट आहे. ती सांगितल्याशिवाय नुसती कृती सांगण्यात अर्थ नाही. म्हणून आधी गोष्ट आणि मग कृती, असं करू.

आम्ही मिरजेचे. जातीने बागवान. म्हणजे फळं आणि भाजीपाला हाच वाडवडिलांचा धंदा. माझ्या वडिलांचा मंडईत गाळा होता. मी मराठी घेऊन बी. ए. झालो, कविता लिहू लागलो, आणि तरीही पोटासाठी त्याच गाळ्यावर बसलो. वडील म्हणायचे, ‘कविता डागी निघाली तर फेकून देता येते, पेरू डागी निघाला तर नुकसान सोसावं लागतं.’ त्यांना माझी एकही कविता आवडली नाही, पण हे वाक्य मात्र मला कवितेइतकंच आवडतं.

फळवाल्याच्या घरी विकत आणलेलं चांगलं फळ कधी येत नाही. येतो तो डागी माल. एका बाजूने दबलेलं सफरचंद, देठाशी काळं पडलेलं केळं, क्रेटच्या तळाशी चेपलेला आंबा. डाग कापून टाकायचा आणि बाकीचं खायचं. आमचं सगळं बालपण असं अर्ध्या अर्ध्या फळांवर गेलं. आणि घरासमोर जो कोणी कुत्रा असेल, तोही आमच्याबरोबर तेच खायचा.

‘असेल’ असं मुद्दाम म्हणतो. कारण कुत्रा पाळणं आमच्याकडे साधी गोष्ट नाही. कुत्र्याची लाळ नापाक मानतात. त्याने भांड्याला तोंड लावलं तर ते सात वेळा धुवावं, अशी शिकवण आहे. ज्या घरात कुत्रा आहे तिथे फरिश्ते येत नाहीत, असंही लहानपणापासून ऐकलेलं. पण त्याच परंपरेत दुसरीही एक गोष्ट आहे. तहानेने व्याकुळ झालेल्या कुत्र्यासाठी एक माणूस विहिरीत उतरला, पायातला मोजा पाण्याने भरला, दातात धरून वर आणला आणि कुत्र्याला पाजला. तेवढ्यावर अल्लाहने त्याचे गुन्हे माफ केले. गुहेत झोपलेल्या त्या ईमानदार तरुणांची कथा कुराणात आहे. तिथेही त्यांचा कुत्रा उंबरठ्यावर पाय पसरून बसलेला आहे. माझ्या आईने या दोन्ही शिकवणी एकाच वेळी पाळल्या. कुत्रा उंबऱ्याच्या आत नाही, आणि उंबऱ्याच्या बाहेर तो उपाशी नाही. त्याचा जर्मनचा वाडगा वेगळा, तो ठेवायची जागा वेगळी, आणि तो धुवायचा नळही वेगळा.

शिवाय आम्ही राहतो मिरजेत. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांनी कुत्र्यालासुद्धा सुरात साथ करायला शिकवलं होतं, असं संगीताच्या इतिहासात नोंदलेलं आहे. 1937 साली खाँसाहेब गेले, आणि त्यांची कबर आमच्या दर्ग्याच्या आवारातच आहे. तेव्हा आमच्या गावात कुत्र्याकडे अगदीच तुच्छतेने बघून चालत नाही.

तर आमच्याकडे मोत्या होता. गावठी, पांढरा, एका डोळ्याभोवती काळा डाग. सात-आठ वर्षं आमच्या ओसरीवर राहिला. रात्री भुंकायचा फार. शेजारच्या अण्णांना झोपेचा त्रास. त्यांनी दोन-तीनदा सांगून पाहिलं. एकदा चिडून म्हणाले, ‘एक दिवस याचा बंदोबस्त करावा लागेल.’ रागात माणूस बोलतो तसं बोलले. आम्हीही हसून सोडून दिलं.

2009 सालची रमजान ईद. घरात शिरखुर्मा झाला होता. मी तासगावहून चांगले हिरवे बेदाणे आणले होते. तासगाव आमच्यापासून लांब नाही, आणि बेदाण्याची बाजारपेठ म्हणून तर त्याचं नाव आहे. नमाज पढून आलो, मुलांना ईदी वाटली. ओसरीवर मोत्या शेपूट हलवत उभा. आई आतून म्हणाली, ‘अरे, उसकू भी दे कुछ, उसकी भी ईद है.’ मी वाडग्यात शिरखुर्मा ओतला, आणि वर लाडाने दोन मुठी बेदाणे टाकले. मोत्याने वाडगा चाटून लख्ख केला.

रात्री त्याला उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी तो उठला नाही. पाणी प्यायचा आणि ओकायचा. मग लघवीच बंद झाली. डॉक्टरांनी सलाईन लावलं, तपासलं आणि म्हणाले, ‘किडन्या गेल्यात. काहीतरी विषारी पोटात गेलंय.’ चौथ्या दिवशी पहाटे मोत्या गेला.

‘विषारी’ हा शब्द आम्ही घरी घेऊन आलो. आणि श्रोतेहो, एकदा हा शब्द घरात आला की तो कोणाच्या तरी नावाला चिकटल्याशिवाय राहत नाही. आमच्याकडे तो अण्णांच्या नावाला चिकटला. कोणी उघड बोललं नाही. भांडण नाही, तक्रार नाही. फक्त बोलणं थांबलं. दिवाळीचा फराळ त्यांच्याकडून आला, तो आम्ही घेतला, पण पुढच्या ईदेला त्यांच्याकडे डबा गेला नाही. मग फराळही यायचा थांबला. एका भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही सात वर्षं राहिलो. मी कवितांतून माणुसकीबद्दल लिहीत होतो, संमेलनांत टाळ्या घेत होतो, आणि शेजारच्या म्हाताऱ्याला रस्त्यात पाहिलं की मान वळवत होतो.

2016 साली माझी लेक कॉलेजातून येताना एक पिल्लू घेऊन आली. मातकट रंगाचं, पावसात भिजलेलं. मी नको म्हणालो. ती ऐकणारी नव्हती. रंगावरून त्याचं नाव ठेवलं चिकू. पहिल्याच संध्याकाळी मी कौतुकाने खिशातून चार बेदाणे काढले, तशी लेक ओरडली, ‘अब्बा, थांबा! कुत्र्याला द्राक्षं-बेदाणे चालत नाहीत. किडनी जाते.’

मी तिथेच खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी त्याच डॉक्टरांकडे गेलो. त्यांना मोत्या आठवत होता. सगळं ऐकून ते म्हणाले, ‘आता खात्रीने सांगता येणार नाही, पण लक्षणं तंतोतंत जुळतात. त्या वेळी काय खाल्लं म्हणून विचारलं, तेव्हा तुम्ही बेदाण्याचं बोलला नाहीत.’ खरंच बोललो नव्हतो. बेदाणा विषारी असेल असं फळवाल्याच्या मनात कसं येणार? ज्या मालावर आमच्या पिढ्या जगल्या, तोच माल कोणासाठी विष असेल, हे आमच्या डोक्यातच नव्हतं.

घरी येऊन आईला सांगावं की नाही, याचा दोन दिवस विचार केला. ‘उसकू भी दे’ हे तिचंच वाक्य होतं. शेवटी सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग एवढंच म्हणाली, ‘अण्णाके घर कब जाता?’

मी गेलो. हातात काही नेलं नाही, कारण काय न्यावं ते सुचलं नाही. अण्णांनी आत बोलावलं, चहा ठेवायला सांगितला. मी सगळं सांगितलं. आमच्या मनात काय होतं तेही सांगितलं. अण्णा ऐकून म्हणाले, ‘मला ठाऊक होतं तुम्हाला काय वाटतंय ते. तुम्ही एकदा विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. पण न विचारणाऱ्याला काय सांगायचं?’ आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

तर अशी ती गोष्ट. प्रेमाने दिलेली दोन मुठी गोड फळं, आणि त्यापायी एक मुका जीव गेला आणि सात वर्षांचा शेजार गेला. तेव्हापासून आमच्या घरी कुत्र्याला काहीही देण्याआधी विचारायचं ठरलं. लेकीने एक यादी केली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावली. आईला मराठी वाचता येत नाही, म्हणून तिच्यासाठी शेजारी उर्दूत लावली. ती यादी मी आज तुम्हाला वाचून दाखवतो, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या दारात कुत्रा असेल आणि हातात मायेने धरलेलं काहीतरी असेल.

आधी काय देऊ नये ते.

द्राक्षं, बेदाणे, मनुका. कधीही नाहीत, एकही नाही. काही कुत्री खातात आणि त्यांना काही होत नाही. काहींना थोड्यानेही होतं. किती खाल्लं तर सुरक्षित, याचं माप अजून कोणाला बांधता आलेलं नाही. नेमकं कशामुळे होतं, हेही कितीतरी वर्षं कळलं नव्हतं. 2021 साली अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधेवर काम करणाऱ्या डॉक्टरांनी द्राक्षातल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. हेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. म्हणून आमच्या यादीत चिंचही आली. आमटीत चिंच-गूळ घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. केक, शिरा, खीर, पुलाव यांत बेदाणे असतात, तेही चालत नाहीत. आणि चुकून खाल्लेच, तर उलटी होण्याची वाट बघत बसू नये. लगेच डॉक्टर गाठावा आणि काय खाल्लं, किती खाल्लं, केव्हा खाल्लं ते स्पष्ट सांगावं. सुरुवातीच्या तासांत उपाय होतो, मग अवघड होत जातं.

कांदा आणि लसूण, कच्चा असो वा शिजलेला. त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे उरलेला रस्सा आणि बिर्याणी बाद. चॉकलेट बाद. शिजवलेली हाडं बाद. ती चिरतात आणि आतड्याला टोचतात. बकरी ईदेला आमच्या गल्लीत हे मी घरोघर सांगत फिरतो. आणि साखरेऐवजी वापरतात ते झायलिटॉल. शुगर-फ्री च्युइंगममध्ये असतं, काही परदेशी पीनट बटरमध्येही असतं. माणसाला चालतं, पण कुत्र्याच्या रक्तातली साखर ते एकदम खाली आणतं. डब्यावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय असलं काही खाऊत घालू नये.

आता फळांचे बाकीचे नियम. सफरचंद चालतं, पण बिया आणि मधला गाभा काढून. त्या बिया चावल्या गेल्या की त्यातून सायनाईड सुटतं. एक-दोन बियांनी काही होत नाही, पण काढून टाकायला कितीसा वेळ लागतो? आंबा चालतो, पण साल आणि कोय नाही. कोय आतड्यात अडकली की पोट फाडावं लागतं. कलिंगड आणि खरबूज चालतं, बिया आणि पाठ काढून. पिकलेली पपई चालते, बिया काढून. केळं चालतं, साल नको. स्ट्रॉबेरी चालते, देठ काढून. सीताफळाच्या बिया विषारी, म्हणून आम्ही सीताफळ देतच नाही. आणि चिकूची बी टोकदार, घशात अडकेल अशी. त्यामुळे आमच्या चिकूला चिकू मिळत नाही. याचं त्याला काही वाटत नसावं, पण मला दर हंगामात वाटतं.

अजून एक गोष्ट फळवाला म्हणून सांगतो. डागी फळाचा डाग कापून बाकीचं देता येतं. पण बुरशी आलेलं, आंबलेलं फळ कुत्र्याला टाकू नये. ‘आपल्याला नको, कुत्र्याला घाल’ ही आपली जुनी सवय. नासक्या फळात दारूचा अंश होतो, बुरशीचं विष होतं. जे आपण खाणार नाही ते त्यालाही घालायचं नाही.

कोणी म्हणेल, कुत्रा तर मांस खाणारा प्राणी, त्याला फळं कशाला? प्रश्न रास्त आहे. फळं म्हणजे त्याचं जेवण नव्हे. पण त्याला गोड कळतं आणि आवडतं. मांजराला गोड कळत नाही. गोडाची चव ओळखणारं तिचं जनुकच निकामी झालेलं आहे, हे 2005 साली संशोधकांनी दाखवून दिलं. कुत्र्याचं तसं नाही. उलट माणसाच्या संगतीत राहून तो बदलला. पिष्टमय पदार्थ पचवणारं जनुक लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी पटींनी जास्त आहे, असं 2013 सालच्या एका अभ्यासात दिसलं. म्हणजे आपण शेती करायला लागलो, भाकरी खायला लागलो, आणि तो आपल्या भाकरीच्या तुकड्यासाठी आतून बदलत गेला. यापरतं इमान ते काय?

कुत्र्याचं बिस्कीट ही कल्पना तशी जुनी आहे. 1860च्या दशकात जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसाने लंडनमध्ये खास कुत्र्यांची बिस्किटं विकायला काढली. गव्हाचं पीठ, भाजी, बीट आणि मांस घालून. गोदीतली कुत्री जहाजावरची टाकाऊ बिस्किटं खाताना पाहून त्याला हे सुचलं, असं सांगतात. आज दुकानांत रंगीबेरंगी पुडक्यांत हा खाऊ मिळतो. तो वाईट असतो असं मी म्हणणार नाही, पण महाग असतो. आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना आपण जी ग्लुकोजची बिस्किटं घालतो, ती साखरेची असतात. घरात केळं आणि पीठ असताना दोन्हींची गरज नाही.

आता कृती. लिहून घ्यायची असेल तर घ्या, सोपी आहे.

पहिली, केळ्याची शंकरपाळी. एक चांगलं पिकलेलं केळं घ्यावं, सालीवर काळे ठिपके आलेलं. आमच्या गाळ्यावर असं केळं निम्म्या भावात जातं. ते कुस्करावं. अर्धी वाटी ज्वारीचं आणि अर्धी वाटी गव्हाचं पीठ घालावं. नुसत्या ज्वारीचं केलं तर लाटताना चिरतं. मीठ नाही, साखर नाही, गूळ नाही, तूप नाही. लागलं तर चमचाभर पाणी. घट्ट मळून जाडसर लाटावं आणि शंकरपाळ्यासारखे बारीक काप करावेत. ओव्हन असेल तर 180 अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं. आमच्याकडे नाही. आम्ही बिडाचा तवा मंद आचेवर ठेवतो, वर ताटली झाकतो, आणि दोन्ही बाजूंनी सावकाश भाजतो. गॅस बंद केल्यावर तव्यावरच राहू द्यायचे, म्हणजे कडक होतात. एवढ्यात साधारण 40 तुकडे होतात. कोरड्या डब्यात आठवडाभर टिकतात. पावसाळ्यात मात्र तीन-चार दिवसांवर ठेवू नयेत, बुरशी धरते.

दुसरी, सफरचंदाच्या चकत्या. आता गच्चीवर वाळताहेत त्याच. गाभा आणि बिया काढून पातळ चकत्या करायच्या, स्वच्छ कापडावर पसरायच्या, वरून मलमल झाकायची. आमच्याकडच्या एप्रिलच्या उन्हात दोन-तीन दिवसांत चिवट होतात. संध्याकाळी आत घ्यायच्या. दव लागता कामा नये. एक लक्षात ठेवावं, वाळलेल्या फळात पाणी जातं आणि साखर उरते. म्हणून ताज्या सफरचंदाच्या चार फोडी देत असाल तर वाळलेल्या दोनच चकत्या द्याव्यात.

तिसरी, उन्हाळ्यातली. कलिंगडाचा बिया काढलेला गर एक वाटी, त्यात दोन चमचे गोडं दही. घुसळून बर्फाच्या साच्यात ओतायचं. दुपारी चिकूला एक खडा देतो. फोडून देतो, कारण अख्खा दिला तर तो न चावता गिळतो. दूध सगळ्याच कुत्र्यांना पचत नाही, दही थोडं असेल तर बहुतेकांना चालतं.

प्रमाणाचं मात्र कडक असावं. डॉक्टर सांगतात, दिवसभराच्या खाण्यात खाऊचा वाटा दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये. दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण 600 कॅलरी लागतात. म्हणजे खाऊ 60 कॅलरींचा. एका मध्यम केळ्यातच 100च्या आसपास असतात. म्हणजे अर्धं केळं झालं की त्या दिवसाचा लाड संपला. शंकरपाळी दिली तर चार तुकडे. नवीन फळ पहिल्यांदा देताना अगदी नखाएवढं द्यावं आणि दुसऱ्या दिवशी पोट कसं आहे ते बघावं. ज्याला मधुमेह आहे, किडनीचा त्रास आहे, वजन जास्त आहे, त्याच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच करू नये.

संत नामदेवांची गोष्ट तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. कुत्र्याने पोळी पळवली, आणि ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. ही गोष्ट मला शाळेत असताना कळली, आणि घरी येऊन आईला सांगितली, तेव्हा ती म्हणाली, ‘वली होंगे.’ आजचे डॉक्टर म्हणतील, तूप जास्त झालं तर स्वादुपिंड बिघडेल. तेही बरोबर आहे. नामदेवांचं धावणं घ्यावं आणि डॉक्टरांचं तूप न घालणं घ्यावं, असा मी माझ्यापुरता मेळ घातला आहे.

नुसती माया पुरत नाही, हे मला मोत्याने शिकवलं. ज्याच्यावर माया करायची, त्याचं शरीर आपल्यासारखं नाही, त्याचं पथ्य आपल्यासारखं नाही, हे आधी समजून घ्यावं लागतं. आपल्याला जे गोड, ते त्यालाही गोडच असेल असं धरून चालणं, यात प्रेम असलं तरी थोडा आळसही आहे. विचारायचा आळस. कुत्र्याच्या बाबतीत तो आळस मी केला आणि अण्णांच्या बाबतीतही तोच केला.

चिकू आता नऊ वर्षांचा झाला. तोही रात्री भुंकतो. अण्णा थकले आहेत, कमी ऐकू येतं, त्यामुळे हल्ली तक्रार करत नाहीत. त्यांचा नातू रोज संध्याकाळी आमच्या ओसरीवर येतो आणि आईकडे हात पुढे करतो. आई डब्यातून मोजून चार शंकरपाळ्या त्याच्या हातावर ठेवते. त्यातली एक तो स्वतः खातो आणि तीन चिकूला देतो. अळणी लागते म्हणून तोंड वाकडं करतो, पण रोज खातो.

मोत्याचा वाडगा आईने टाकला नव्हता. तो गेला त्या दिवशी तिने सात वेळा धुतला आणि माळ्यावर ठेवला. 2016 साली तिनेच तो खाली काढायला लावला. मागच्या रमजान ईदेला घरात शिरखुर्मा झाला, चांगले बेदाणे घालून. चिकूसाठी त्याच वाडग्यात सफरचंदाचे काप ठेवले. आणि वाडगा पुढे करायच्या आधी आई भिंतीपाशी गेली, चष्मा लावला, आणि उर्दूतली यादी पुन्हा एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. तिला ती पाठ आहे. तरी वाचली.

समोरच्या खिडकीतून वेळ संपल्याची खूण होते आहे. घरी जाऊन चकत्या आत घ्यायच्या आहेत. तुमच्या दारातल्या मुक्या जिवाला आज काही द्याल, तर जरा विचारून द्या. आणि शेजाऱ्याबद्दल मनात काही असेल, तर तेही एकदा विचारून टाका.

नमस्कार. खुदा हाफिज.